समोरच्याने फोन ठेवला

ऑफिसात त्याला सगळे तारमास्तर म्हणायचे. तार करायची सोय बंद होऊन जमाना लोटला होता आणि त्याने स्वतः जन्मात एकही तार केलेली नव्हती, पण तारेची मोजकी भाषा त्याच्या जिभेवर टिकून राहिली होती. ‘जेवणार का?’ असं विचारलं तर ‘जेवलो’. ‘तब्येत कशी आहे?’ याला ‘बरी’. एकदा त्याच्या शेजारच्या इमारतीला आग लागली. दुसऱ्या दिवशी अख्खं ऑफिस त्याच्याभोवती गोळा झालं, कशी लागली, कितव्या मजल्यापर्यंत गेली, कोणाला लागलं का. त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, ‘विझली.’ लोक हिरमुसले आणि आपापल्या जागी जाऊन बसले.

असा माणूस पोटापाण्यासाठी काय करत असावा? तर इंटरनेटवरून फोन करायचं सॉफ्टवेअर लिहीत होता. लोकांनी तासन्‌तास एकमेकांचं डोकं खावं याची चोख व्यवस्था करणं, हे गेली बावीस वर्षं त्याचं काम होतं. त्यातलंही सगळ्यात किचकट खातं त्याच्याकडे, ते म्हणजे मेमरीचं. फोन चालू असताना त्या प्रोग्रामला सतत थोडी थोडी जागा लागते. आवाजाचे तुकडे ठेवायला लागते, दोन्हीकडच्या यंत्रांमध्ये काय ठरलं ते लिहून ठेवायला लागते. ती कुठून घ्यायची आणि कधी परत करायची, हे तारमास्तर बघायचा. घेतलेली जागा परत करायला विसरलं की यंत्र हळूहळू तुंबतं, आणि वापरात असलेली जागा चुकून परत केली तर ते उभ्या उभ्या कोसळतं. या दोन धास्त्यांमध्ये त्याच्या डोक्यावरचे बरेचसे केस खर्ची पडले होते.

नवीन माणूस कामावर आला की तारमास्तर त्याला आपली पद्धत समजावून सांगायचा. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण ते. ‘फोन म्हणजे पाहुणा. आला, एक खोली उघडून द्या. कप, टॉवेल, चादरी, लागेल ते त्याच खोलीत. मध्ये मध्ये आवरू नका. गेला, की खोली एकदम रिकामी.’ एवढं बोलून त्याला धाप लागायची आणि तो पाणी प्यायचा.

पद्धतीला नावं ठेवायला जागा नव्हती. एकेक कप मोजून परत करत बसण्यापेक्षा खोली एकदम झाडून घेणं सोपं, शिवाय एखादा कप राहून गेला ही भीती नाही. फक्त पाहुणा लवकर जाईल असं त्यात धरून चाललेलं होतं. आणि पाहुणा लवकर जातो असं ज्याला मनापासून वाटतं, त्याच्याकडे फारसे पाहुणे आले नसावेत हे उघड आहे.

खोली केवढी ठेवायची हे ठरवताना त्याने मोठ्या प्रामाणिकपणे स्वतःचेच महिनाभराचे फोन तपासले. सरासरी निघाली अठ्ठावीस सेकंद. जग आपल्यापेक्षा जरा जास्त बडबडं आहे एवढं त्याला कळत होतं, म्हणून त्याने खोली बरीच ऐसपैस ठेवली, पण तिला भिंती मात्र घातल्या. एका फोनने सगळं यंत्र गिळून टाकू नये, एवढाच हेतू. मग प्रश्न आला, खोली भरलीच तर काय करायचं? फोन नीट बंद करायचा. आणि तिकडच्या माणसाच्या पडद्यावर काय दाखवायचं? इथे त्याच्या स्वभावाने घात केला. फोन बंद झाल्यावर दाखवायचं एक वाक्य त्याने आधीच लिहून ठेवलं होतं, ‘समोरच्याने फोन ठेवला.’ एक वाक्य असताना दुसरं कशाला, म्हणून त्याने तेच इथेही जोडून दिलं आणि छत्री उचलून घरी गेला.

त्याच्या चाचण्या म्हणजे ‘हॅलो. येतोय? येतोय. ठेवतो.’ प्रोग्राम कधी पडला नाही. पडणार कसा? पाहुण्याला कोणी बसूच देत नव्हतं.

अ‍ॅप लोकांच्या हाती गेलं आणि काही महिन्यांनी तक्रारी येऊ लागल्या. फार नाही, एकूण एकतीस. एका बाईंनी लिहिलं होतं, ‘माझी सून माझ्याशी भांडते, पण फोन कापत नाही. हे नवीनच सुरू झालंय, लक्ष घाला.’ एका सद्गृहस्थांनी लिहिलं होतं, ‘मी आणि माझा मित्र रोज फोनवर बुद्धिबळ खेळतो. हल्ली डाव रंगात आला की तो फोन आपटतो. चाळीस वर्षांत असा वागला नव्हता.’ एका मुलीने तर कमालच केली. ‘आमचं ठरलेलं लग्न मोडायच्या बेतात आहे. मोडण्याआधी तपासून सांगाल का?’ ऑफिसातली टेस्टर, म्हणजे प्रोग्राममधल्या खोड्या हुडकून काढणारी मुलगी, या तक्रारी एकेक करून तारमास्तरकडे पाठवायची. तो लॉग उघडायचा, म्हणजे प्रोग्रामने स्वतःच लिहून ठेवलेली रोजनिशी. तिथे स्वच्छ लिहिलेलं असायचं, ‘अमुक बाजूने समाप्त’. मग तो प्रत्येक तक्रारीखाली लिहायचा, ‘तपासलं. समोरच्याने ठेवला. दोष नाही.’ एकतीस घरांत भांडणं लावून हा आपला शांतपणे डबा उघडायचा.

आता त्याच्या ताईबद्दल सांगायला हवं. ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. तो लहानपणी फार उशिरा बोलायला लागला याचं खापर घरचे त्याच्या जिभेवर फोडत, पण खरी गोष्ट अशी की ताईने त्याला बोलायला वावच ठेवला नव्हता. ‘याला पाणी हवंय.’ ‘याला आज शाळेत जायचं नाहीये.’ ‘याच्या पोटात दुखतंय, उजवीकडे.’ आणि खरोखरच उजवीकडे दुखत असायचं. ताई लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. आपलं बोलणं आता आपल्यालाच उरकावं लागणार, हे त्याला त्या दिवशी कळलं, आणि तेव्हापासून तो ते उरकतच आला होता.

पुढची पस्तीस वर्षं ताईचा दर रविवारी सकाळी फोन यायचा. ती बोलायची, तो ‘हं’ म्हणायचा, आणि त्याला आठवडाभर बरं वाटायचं. हे त्याने तिला कधी सांगितलं नाही. असं सांगायचं असतं हेच त्याच्या गावी नव्हतं.

मग ऑफिसातून फर्मान निघालं की प्रत्येकाने आपल्या घरच्यांना हे अ‍ॅप वापरायला द्यावं. तारमास्तरने दुवा पाठवून ताईच्या फोनवर ते घालून दिलं. ताईला त्यातलं सगळ्यात काय आवडलं असेल, तर ‘थांबा’ नावाची एक गोल कळ. ती दाबली की समोरचा माणूस तसाच तिष्ठत राहतो आणि आपल्याकडचं काही त्याला ऐकू जात नाही. बाई हरखली. दारावरची बेल वाजली, थांबा. गॅसवर दूध, थांबा. शेजारीण शिडी मागायला आली, थांबा. शिडी कुठे ठेवलीय म्हणून नवऱ्यावर ओरडायचंय, पुन्हा थांबा. भावाच्या कानावर घरातली आरडाओरड जाऊ नये एवढी तिची सभ्यता. परत आली की ‘हां, तर काय सांगत होते’ म्हणून जिथे सोडलं तिथून पुढे चालू.

अशा सहा रविवारी फोन झाले आणि सहाही मध्येच तुटले. तारमास्तरच्या पडद्यावर नुसतं ‘फोन संपला’ असं यायचं. त्यात त्याला वावगं काही वाटलं नाही. झालं वाटतं ताईचं बोलून, असं म्हणून तो नखं कापायला बसायचा. सातव्या रविवारी फोन आला नाही. आठव्या रविवारी दहा वाजल्यापासून तो घरात येरझाऱ्या घालू लागला आणि साडेअकराला त्याने स्वतःहून ताईला फोन लावला. ही घटना इतकी मोठी होती की बायको हातातलं काम टाकून बघायला बाहेर आली. ताईने फोन उचलला नाही.

दुपारी ताईचा फोन बायकोच्या मोबाइलवर आला.

‘तुझ्या नवऱ्याला सांग, सहा वेळा त्याने माझ्या तोंडावर फोन आपटलाय. मला वाचता येतं. पडद्यावर अक्षरं उमटतात, समोरच्याने फोन ठेवला. पस्तीस वर्षं मला वाटत होतं, बोलत नाही पण ऐकतो तरी. एवढी नकोशी झाले असेन तर सरळ सांगायचं. आता मीही ठेवला म्हणावं.’

बायकोने हे सगळं त्याला शब्दशः ऐकवलं. तो म्हणाला, ‘मी नाही ठेवला.’ बायको म्हणाली, ‘अहो, मग कोणी ठेवला? मी?’

दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसात जाऊन लॉग उघडला. सहा फोन, सहा नोंदी, सहाही ठिकाणी ‘आपल्या बाजूने समाप्त’. तक्रार दुसऱ्या कोणाची असती तर त्याने त्याखाली ‘दोष नाही’ लिहून डबा उघडला असता. पण इथे आरोपी तोच होता, आणि आरोपीला आतली गोष्ट ठाऊक होती. सहापैकी एक फोन त्याने खरंच कापला होता, तिसरा. उरलेल्या पाचांना त्याचं बोटही लागलेलं नव्हतं.

तो तिसरा फोन का कापला, हेही इथेच सांगून टाकतो. चार वर्षांपूर्वी त्याचे वडील ताईच्या घरी आजारपणात गेले. गेले त्या दिवशी सकाळी याने फोन केला होता. ताईने तो वडिलांच्या कानाला धरला, आणि तेवढ्यात इकडे साहेबांनी हाक मारली. ‘बाबा, कामात आहे. मग करतो.’ अकरा सेकंद. संध्याकाळी वडील गेले. त्या सकाळबद्दल तो कोणाशी बोलला नाही आणि कोणाला बोलू दिलं नाही. तिसऱ्या रविवारी ताई बोलण्याच्या ओघात म्हणाली, ‘अरे, त्या दिवशी तुझा फोन झाल्यावर बाबा काय म्हणाले माहीत आहे का तुला…’ आणि त्याचा अंगठा जाऊन लाल कळीवर पडला. वडील काय म्हणाले असतील ते ऐकायची त्याच्यात हिंमत नव्हती.

पण पाच म्हणजे पाच. ‘मी नाही ठेवला,’ तो पडद्याकडे बघून मोठ्याने म्हणाला.

शेजारच्या टेबलावरची टेस्टर दचकून वळली. सरांच्या तोंडून न विचारता अख्खं वाक्य बाहेर पडलं होतं.

‘एकतीस जण हेच म्हणतायत, सर,’ ती म्हणाली.

तारमास्तर तिच्याकडे बघतच राहिला. चाळीस वर्षांचा दोस्त, भांडकुदळ पण सरळ सून, लग्न ठरलेला मुलगा, सगळे डोळ्यांपुढे उभे राहिले. आपण माणसांचं न ऐकता आपणच लिहिलेल्या एका आळशी वाक्यावर विश्वास ठेवला, याची त्याला भयंकर लाज वाटली.

‘चला,’ तो म्हणाला.

दोघं मीटिंगच्या खोलीत समोरासमोर फोन घेऊन बसले. टेस्टरने फोन लावला आणि म्हणाली, ‘आता बोला, सर. तुटेपर्यंत बोलायचं.’ तो म्हणाला, ‘हॅलो.’ मग म्हणाला, ‘येतोय?’ मग त्याचा साठा संपला.

‘सर, काहीही बोला. आज काय केलंत?’

‘आलो.’

‘त्याआधी?’

‘निघालो.’

टेस्टरने कपाळावर हात मारला. शेवटी त्याची नजर भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्याकडे गेली आणि त्यावरच्या सूचना त्याने वाचायला घेतल्या. कडी ओढा. नळी आगीच्या बुडाशी धरा. वाऱ्याकडे तोंड करू नका. त्या चौदा वेळा वाचून झाल्या, टेस्टरने आपल्या घरमालकिणीची साद्यंत कहाणी सांगितली, एक तास झाला, तरी फोन ठणठणीत. खिडकीतून बघणाऱ्यांना वाटलं, या दोघांना कामाच्या ताणाने काहीतरी झालंय.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. ‘एक मिनिट हं,’ म्हणून टेस्टरने ‘थांबा’ दाबलं आणि दार उघडायला गेली. तारमास्तर कानाशी मुका फोन धरून बसला होता. त्याला एकदम ताई आठवली. उठला तो थेट आपल्या टेबलाशी गेला, ताईचे सहा फोन पुन्हा उघडले आणि कोणत्या फोनमध्ये ‘थांबा’ किती वेळा दाबलं ते मोजलं. वीस. वीस. तिसऱ्यात सात. मग वीस, वीस, वीस. एकतीस तक्रारी उघडल्या. सासूबाई, वीस. लग्न ठरलेली मुलगी, वीस. बुद्धिबळवाले दोघं तर चाल सुचेपर्यंत एकमेकांना थांबवूनच ठेवायचे.

कारण दोन मिनिटांत कळलं, म्हणजे कळायला बावीस वर्षं आणि दोन मिनिटं लागली. कोणी कोणाला थांबवलं की दोन्हीकडची यंत्रं आपापसांत नव्याने करार करतात, आता आवाज पाठवायचा नाही. पुन्हा बोलायला लागलं की पुन्हा नवा करार, आता पाठवायचा. प्रत्येक करार नव्या कागदावर, आणि जो तिष्ठत असतो त्याच्याकडे हे कागद जास्त साचतात. जुने कागद निरुपयोगी, पण मास्तरांचा हुकूम, पाहुणा आहे तोवर आवरायचं नाही. विसाव्या वेळी खोली दारापर्यंत भरायची, प्रोग्राम निमूटपणे फोन बंद करायचा आणि खापर फोडायचा तिष्ठत बसलेल्या बिचाऱ्यावर. बोलणारा सुटायचा आणि मुकाट ऐकणारा अडकायचा. तारमास्तरने आपल्यासारख्यांसाठीच हा सापळा लावून ठेवला होता.

दोघं पुन्हा खोलीत गेले. टेस्टर ‘थांबा’ दाबत गेली आणि मोठ्याने मोजत गेली. तारमास्तरने फोन टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात वर केले. विसाव्या वेळी टेस्टरच्या पडद्यावर अक्षरं उमटली, ‘समोरच्याने फोन ठेवला.’ समोरचा हात वर करून बसला होता. निर्दोष माणूस असा रंगेहाथ पकडलेला टेस्टरने प्रथमच पाहिला आणि ती टाळ्या वाजवू लागली.

दुरुस्तीला दोन दिवस लागले. मोठी खोली होती तशीच ठेवली, पण प्रत्येक करारासाठी आत वेगळं छोटं कपाट केलं. नवा करार पक्का झाला की जुन्याचं कपाट तिथल्या तिथे रिकामं. टेस्टरने पाचशे वेळा ‘थांबा’ दाबून पाहिलं आणि तिचं बोट दुखायला लागलं, पण फोन तुटला नाही. तरीही कधी काळी जागा संपलीच तर दाखवायला त्याने नवीन मजकूर लिहिला, ‘आमच्याकडची जागा संपल्यामुळे फोन बंद झाला. समोरच्याने फोन ठेवलेला नाही.’

साहेबांनी नाक मुरडलं. ‘एवढं लांबलचक? आणि आमच्याकडची वगैरे कशाला? तांत्रिक अडचण म्हणा.’

‘तांत्रिक अडचण म्हटलं की माणसाला वाटतं, हे झाकताहेत, त्यानेच ठेवला असणार,’ तारमास्तर म्हणाला. ‘मग तो आठवडाभर झुरतो. पहिलं वाक्य तुम्ही काहीही करा. दुसरं मात्र जसंच्या तसं राहील. नाहीतर मेमरीचं खातं दुसऱ्या कोणाला द्या.’

साहेब एवढे गडबडले की त्यांनी दोन्ही वाक्यं मंजूर केली. मग तारमास्तरने एकतीस जणांना स्वतः पत्रं लिहिली, एकेकाला वेगळं. सासूबाईंचं उलट उत्तर आलं, ‘मला माहीतच होतं. पण सुनेला सांगू नका की मी विचारलं होतं.’ लग्न ठरलेल्या मुलीने नुसती तारीख कळवली. बुद्धिबळवाल्या गृहस्थांचं उत्तर मात्र जरा खट्टू होऊन लिहिल्यासारखं होतं, ‘म्हणजे गेले अकरा डाव मी जिंकलेलो नाही तर.’

एकतीस घरं मार्गी लागली. बत्तिसावं राहिलं होतं. ताई फोन उचलेना. निरोपाला उत्तर देईना. बायकोशी बोलायची, पण याचं नाव निघालं की ‘बरं, ठेवते’. आता जाऊन भेटण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्याने सहा फोनांची नोंद कागदावर छापून घेतली आणि प्रोग्रामने कापलेल्या ओळी पिवळ्या रंगाने रंगवल्या. बायको मागून बघत होती.

‘पाचच?’

‘तिसरा मी कापला.’

‘अहो, मग सहाही पिवळे करा की! तिला काय कळणार आहे? सगळीकडे एकच तर लिहिलंय.’

खरंच होतं ते. ती तिसरी ओळही पिवळी केली असती तर जगात कोणालाही पत्ता लागला नसता. त्याने आणखी एक प्रत काढली, तिच्यात सहाही ओळी पिवळ्या केल्या, आणि दोन्ही कागद पिशवीत घालून शनिवारी सकाळच्या बसमध्ये बसला. चार तासांच्या प्रवासात त्याने आधी एक कागद वर ठेवला, मग दुसरा. शेजारच्या प्रवाशाला वाटलं, हा परीक्षेला चाललाय.

ताईने दार उघडलं, त्याला पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

‘कोण गेलं?’

‘कोणी नाही.’

‘बायको बरी आहे ना?’

‘बरी.’

‘मग तू इथे कसा?’ एवढं विचारल्यावर आपण रुसलोय हे तिला आठवलं आणि ती आत निघून गेली. पण दार उघडं ठेवून गेली. तो मागोमाग गेला.

जेवणाच्या टेबलावर त्याने कागद पसरला आणि बोलायला सुरुवात केली. पाहुणा, खोली, कागद, कपाट. मध्ये दोनदा बेल वाजली, ताईने हलायचं नाव घेतलं नाही. एकदा सुरुवात झाल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटत होतं, की वाक्यांना पुढे वाक्यं मिळत चालली होती. मोकळ्या कपांची रांग लावून त्याने तिला खोली कशी भरते तेही दाखवलं.

‘म्हणजे मी सारखं थांबवते म्हणून झालं हे?’ ताईने विचारलं.

‘नाही. कोणी कोणासाठी एवढं थांबत नाही असं मला वाटायचं, म्हणून झालं.’

ताईने चष्मा चढवला, कागद जवळ ओढला आणि ओळींवरून बोट फिरवलं. ती आयुष्यभर शाळेत शिक्षिका होती. बेरीज चुकलेली तिच्या नजरेतून सुटत नसे.

‘फोन तुटले सहा. पिवळे पाचच आहेत.’

पिशवीतला दुसरा कागद त्याच्या गुडघ्याशी होता. चुकून हाच काढला, एवढंच म्हणायचं होतं. त्याने पिशवी खाली जमिनीवर ठेवली.

‘तिसरा मी ठेवला,’ तो म्हणाला. ‘मुद्दाम. तू बाबांचं बोलायला लागलीस म्हणून.’

ताईने चष्मा काढला. तो पदराच्या टोकाने पुसून तिने कागदावर ठेवला.

‘या एकाचा मला राग आलाच नव्हता रे,’ ती शेवटी म्हणाली. ‘पाच वेळा वाटलं, कंटाळला माझ्या बडबडीला. त्या दिवशी म्हटलं, नको तिथे हात लावला आपण. हा फोन मी मोजलाच नव्हता. सहा म्हटलं ते आपलं रागाच्या भरात.’ मग तिने विचारलं, ‘सांगू आता? का उठून जाशील?’

‘सांग.’

‘काय म्हणाला होतास तू त्यांना, आठवतंय?’

आठवायला कशाला हवं होतं? चार वर्षं दुसरं काही डोक्यात नव्हतं. ‘बाबा, कामात आहे. मग करतो.’

‘हां. मी फोन ठेवला, बघते तर बाबा बोटं मोजतायत. एकदा मोजली, दोनदा मोजली. मला वाटलं, भ्रम झाला. तर पंजा वर केला आणि म्हणाले, “पाच! एरवी हं म्हणून ठेवतो. आज कार्ट्याने मला पाच शब्द दिले.” काय खूश होते म्हणून सांगू. दिवसभर येईल त्याला पंजा दाखवत होते. दुपारी डॉक्टर आले, त्यांनाही दाखवला.’

तारमास्तरला रडू फुटलं. चार वर्षं अडवून धरलेलं सगळं एकदम आलं, आणि त्याने ते येऊ दिलं. ताईचेही डोळे वाहत होते, पण तिचं तोंड काही थांबलं नव्हतं.

‘डॉक्टरांना वाटलं, दिवसातली पाचवी गोळी झाली असं म्हणतायत. त्यांनी मान डोलावली आणि कागदावर लिहायला लागले. मीच म्हटलं, अहो नाही हो डॉक्टर, गोळीचं नाही, मुलाचा फोन येऊन गेलाय.’